विमान ठेवायचं कुठे? कोल्हापूरकराच्या छोट्या विमानासाठी तळ निवडताना

खासगी छोटं विमान घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा मॉडेल, इंजिनाचे उरलेले तास आणि किंमत यांभोवतीच फिरते. ते रोज उभं कुठे राहणार हा प्रश्न शेवटी येतो आणि तोच वर्षानुवर्षं खर्च करायला लावतो. कोल्हापुरातून चालवायच्या चार आसनी, एक इंजिनाच्या सेस्ना 172 एससाठी जागा ठरवताना आम्ही ज्या क्रमानं गेलो, तो क्रम आणि त्यामागचे हिशेब इथे मांडतो आहोत. बहुतेक जण धावपट्टीच्या लांबीपासून सुरुवात करतात. आमच्या मते तो सर्वांत सोपा प्रश्न आहे, अर्ध्या तासाच्या आकडेमोडीत सुटतो. छप्पर, इंधन आणि दुरुस्ती करणारा माणूस या तीन गोष्टी जिथे जुळतात तिथेच विमान टिकतं, आणि यातली पहिली सर्वांत महत्त्वाची, कारण आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा असतो.

आधी विमानाची मापं कागदावर घ्यावीत. 172 एसच्या पंखांचा विस्तार 11 मीटर, लांबी सव्वाआठ मीटरच्या जरा वर, उंची 2.72 मीटर. उड्डाणाचं कमाल वजन 1157 किलो. वापरता येणारं इंधन 200 लिटर आणि प्रवासात ताशी 30 ते 35 लिटर खप. हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, दारापासून ते लँडिंगच्या बिलापर्यंत सगळीकडे हेच आकडे लागतात.

जागांची यादी पटकन आटोपती होते. पहिली अर्थात उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ. दुसरी कराड, हवेतून साधारण 38 नॉटिकल मैल (एक म्हणजे 1.85 किलोमीटर, पुढचे मैलही हेच). तिसरी बेळगावचं सांबरा, 50 मैलांच्या आसपास. चौथी सिंधुदुर्गातलं चिपी, साधारण 60 मैल. पाचवी बारामती, साधारण 99 मैल. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, दोन्हीकडे प्रवासी विमानांची गर्दी. छोट्या खासगी विमानाचा कायमचा मुक्काम म्हणून ही दोन्ही आम्ही सुरुवातीलाच वगळली. सांबरा कागदावर उत्तम आहे, धावपट्टी लांब, हवाई नियंत्रणाचा टॉवर आहे, पण तिथेही हवाई दलाचं ठाणं आहे आणि कोल्हापुरातून गाडीनं शंभरावर किलोमीटर जावं लागतं. पुराच्या वेळी निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर येतं, 2019 आणि 2021 मध्ये आलंच होतं. विमानापर्यंत पोहोचायचा रस्ता पावसाळ्यात बंद पडू शकतो का, हा प्रश्न प्रत्येक जागेला विचारायचा. उजळाईवाडी या कसोटीला उतरते. ती शहराच्या आग्नेयेला, गोकुळ शिरगावच्या बाजूला आहे, त्यामुळे शहरातून तिकडे जाताना पंचगंगा ओलांडावी लागत नाही. कराडला जायचं तर शिरोलीवरूनच जावं लागतं आणि महापुरात महामार्ग पहिल्यांदा तिथेच अडतो.

धावपट्टी आणि उन्हाळ्याची हवा

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला. पूर्वी 1370 मीटर असलेली धावपट्टी वाढवून 1930 मीटर केली आहे. दिशा 07 आणि 25, म्हणजे होकायंत्रावर 70 आणि 250 अंश. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 2000 फूट. उंचीचा आकडा मामुली वाटतो, पण एप्रिल-मेमध्ये तो बदलतो. 2000 फुटांवर प्रमाण तापमान 11 अंश धरतात. दुपारी पारा 38 वर गेला की फरक 27 अंशांचा होतो. दर अंशाला 120 फूट या नेहमीच्या हिशेबानं 3240 फूट वाढले. म्हणजे विमानाला ती हवा साधारण 5200 फुटांवरची वाटते. इंजिन कमी ताकद देतं, पंख कमी उचलतात, पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, कमी ओढतो. तिन्ही एकदम.

विमानाच्या हँडबुकातला उड्डाणाला लागणाऱ्या अंतराचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. 15 अंश तापमानात, पूर्ण वजनानं, 50 फुटांचा अडथळा पार करेपर्यंत 1630 फूट, म्हणजे 497 मीटर. नेमका आकडा हँडबुकाच्या तक्त्यातूनच काढायचा, पण जागांची तुलना करताना ब्रिटिश विमान प्राधिकरणाची सोपी पद्धत वापरता येते: दर 1000 फूट उंचीला 10 टक्के वाढ, दर 10 अंश तापमानाला 10 टक्के वाढ, आणि हे सगळं एकमेकांनी गुणायचं. कोल्हापूरसाठी उंचीचा गुणक 1.21, तापमानाचा साधारण 1.29. गुणाकार 776 मीटरच्या आसपास. त्यावर सुरक्षिततेचा 1.33 लावला की 1030 मीटर. 1930 मीटरच्या धावपट्टीवर हे आरामात बसतं. कराडच्या साधारण 1280 मीटरवरही बसतं, उंची जवळपास तेवढीच आहे, पण शेपटीकडून पाच-सहा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वारा असला तर पद्धतीनुसार आणखी 20 टक्के जातात आणि 1240 होतात. मग मेच्या दुपारी पूर्ण टाकी आणि चार माणसं घेऊन कराडहून निघू नये. सकाळी सातला, 22 अंशांत, तीच कसरत सोपी असते. चिपी जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही.

वाऱ्याची दिशा कोल्हापूरला अनुकूल आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि 25 ची धावपट्टी जवळजवळ त्याच्या तोंडाला आहे. वारा 280 अंशांकडून 20 नॉट असला तरी आडवा भाग 10 नॉटच निघतो, सेस्नाची हँडबुकात दाखवलेली आडव्या वाऱ्याची क्षमता 15. सांभाळायचं ते वळवाला. एप्रिल-मेच्या संध्याकाळी ढग उठला की पाचेक मिनिटांत वारा दिशा बदलतो, धूळ उडते, कधी गारा पडतात. त्या दोन महिन्यांत दुपारी तीननंतरचं उड्डाण टाळणं आणि विमान तोवर बांधून किंवा आत घेऊन ठेवणं, एवढीच शिस्त पाळायची.

हिवाळ्याची अडचण वेगळी. पंचगंगेच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं. उसाचा हंगाम चालू असतो, पाचट पेटवलेलं असतं, गुऱ्हाळांचा धूर असतो, आणि वारा पडलेला असला की हे सगळं खालीच अडकून राहतं. डोळ्यांनी पाहून उडायच्या नियमांनुसार, म्हणजे व्हीएफआरमध्ये, 10 हजार फुटांखाली 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. डिसेंबर-जानेवारीत ती बहुधा ऊन चांगलं वर आल्यावर मिळते. म्हणून सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत, असा बेत हिवाळ्यात दोन तास मागे सरकवून आखावा. परतीची वेळही मोजलेली असते: व्हीएफआर उड्डाण सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच. कोल्हापूरला रात्री उतरायची सोय आहे, पण ती व्हीएफआर वैमानिकाच्या हिशेबात धरायची नाही.

छप्पर

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. उघड्यावर उभं असलेलं विमान आणि छपराखालचं विमान यांचा फरक पाच वर्षांनी रंगात दिसतो, पण त्याच्या कितीतरी आधी तो इंजिनात झालेला असतो. या विमानाच्या लायकॉमिंग इंजिनाचे सिलिंडर आणि कॅमशाफ्ट यांच्यावरचा तेलाचा थर विमान उभं राहिलं की ओघळून जातो. मोकळ्या पोलादाला दमट हवा लागली की गंज काही दिवसांत धरतो. नंतर इंजिन सुरू केल्यावर तो गंज घासकागदासारखा काम करतो, कॅमचे उंचवटे झिजतात आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे कण दिसू लागतात. 2000 तासांचं म्हणून घेतलेलं इंजिन त्यामुळे निम्म्यात उघडावं लागू शकतं.

यावर उपाय म्हणून अनेक जण आठवड्यातून एकदा इंजिन जमिनीवरच दहा मिनिटं चालवतात. याचा फायदा होत नाही, उलट नुकसान होतं. जळताना तयार झालेलं पाणी आणि आम्ल तेलात उतरतं आणि तेल पुरेसं तापलं नाही तर तिथेच राहतं. लायकॉमिंगचं सांगणं असं की किमान 30 दिवसांतून एकदा सलग एक तास उडावं आणि त्यात तेलाचं तापमान 165 ते 200 फॅरनहाइट, म्हणजे 74 ते 93 सेल्सियसमध्ये असावं. दमट हवेत 30 दिवसही जास्त आहेत, आम्ही पंधरवडा धरला. पंखा हातानं फिरवून ठेवायची सवयही सोडावी, त्यानं भिंतींवर उरलेलं तेल पुसलं जातं. तेल बदलायचं ते 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल ते. कमी उडणाऱ्या मालकासाठी चार महिन्यांचाच आकडा खरा असतो, तासांचा नव्हे.

म्हणून घरापासून विमानतळाचं अंतर ही चैनीची बाब नाही, ती इंजिनाच्या आयुष्याशी बांधलेली आहे. अर्ध्या तासात पोहोचता येत असेल तर उघडीप पाहून तासभर उडून येता येतं. घाट उतरून दीडशे किलोमीटरवर जायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये माणूस जात नाही आणि विमान उभं राहतं. चिपी आम्ही मुख्यतः याच कारणानं बाजूला ठेवलं. शिवाय समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमच्या सांध्यांत, रिव्हेटांखाली आणि विजेच्या जोडांत शिरते. तिथून परत यायला घाटमाथा ओलांडावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर त्या कडा दिवसेंदिवस ढगात असतात. गगनबावड्याकडे ढग डोंगराला टेकलेला असताना खालून वाट शोधत येणं हा जिवाशी खेळ आहे, तो बेतातच असू नये.

हँगर पाहायला जाताना टेप घेऊन जावं. दार 11 मीटरच्या पंखांसाठी किमान साडेबारा मीटर मोकळं हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण मीटर. दरवाजाची सरकती पानं उघडल्यावर किती जागा खातात ते मोजावं, कारण सांगितलेली रुंदी बहुधा चौकटीची असते. उंची 3.2 मीटर, खोली 10 मीटर. आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि बाहेरच्या दिशेनं उताराची. दार पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल तर पावसाचं झोडपणारं पाणी सरळ आत येतं, तिथे दाराखाली रबरी पट्टी आणि बाहेर पन्हळ मागावी. पत्र्याच्या छताला गळती बहुधा स्क्रूच्या वॉशरपाशी होते. शक्य असेल तर हँगर पहिल्या मोठ्या पावसात बघावा, मार्चमध्ये सगळेच कोरडे दिसतात. आत वीज हवी: बॅटरीचा चार्जर आणि आर्द्रता कमी करणारं यंत्र चालवायला. दोन-तीन विमानांचा सामायिक हँगर असेल तर आपलं विमान हलवणार कोण, हे लेखी ठरवावं. पंखांची टोकं आणि शेपटीची आडवी हलती फळी, म्हणजे एलेव्हेटर, यांना पडणारे पोचे उड्डाणात पडत नाहीत, ढकलाढकलीत पडतात.

उसाच्या फडांच्या शेजारी हँगर असेल तर उंदीर आणि घुशी येणार हे गृहीत धरा. ते केबिनमधल्या वायरींचं आवरण आणि आसनांचा फोम कुरतडतात. त्यांच्या मुतानं ॲल्युमिनियम गंजतं हे अनेकांना माहीत नसतं. चाकांना पत्र्याचे गोल आडोसे लावल्यानं बरंच थांबतं. साळुंक्या इंजिनाच्या आवरणात दोन दिवसांत गवत भरतात, म्हणून हवेच्या तोंडांना बुच. कुंभारीण माशी तर वेग मोजणारी पिटो नळी आणि इंधनाच्या टाकीचा श्वासमार्ग मातीनं लिंपून टाकते. पहिल्यामुळे वेगाचा काटा मरतो आणि दुसऱ्यामुळे इंधनाचा प्रवाह अडू शकतो. छपराखाली असलं तरी पिटोचं आवरण लावायचंच आणि त्याला लाल फीत बांधायची.

हँगर नसेल तर टाय-डाउन, म्हणजे विमान दोरांनी जमिनीला बांधणं. तीन बिंदू: दोन्ही पंख आणि शेपूट. जमिनीतली प्रत्येक कडी साधारण 1350 किलोची ओढ सहन करणारी असावी. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, त्या आहेत का आणि त्यांच्यातलं अंतर आपल्या विमानाला जुळतं का, हे स्वतः बघून यायचं. दोर नायलॉनचा, कारण तो झटका ताणून घेतो. काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि पंखावर जोर येतो, त्याला बोटभर ढील ठेवावी लागते. दोर सरळ खाली न बांधता तिरका, 45 अंशांच्या आसपास. आतून कंट्रोल हलू नयेत म्हणून लॉक, बाहेरून रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूला, पकड. आणि मोठ्या विमानांच्या वळणाच्या जागेपासून दूर. उजळाईवाडीला प्रवासी विमानं येतात, त्यांचा पंखा किंवा जेटचा झोत बांधलेल्या सेस्नाचं दार आणि कंट्रोल आपटवू शकतो.

इंधन

जागा ठरवताना सर्वांत जास्त गैरसमज इथे असतो. विमानतळावर इंधन मिळतं असं सांगितलं जातं, पण ते जेट इंधन असतं. पिस्टन इंजिनाच्या 172 एसला 100 एलएल ॲव्हगॅस लागतं, निळ्या रंगाचं. देशात ते आयातच व्हायचं, 2022 च्या सप्टेंबरपासून इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. ग्राहकापर्यंत ते बहुधा बॅरलमधून येतं. 200 लिटरचं एक बॅरल म्हणजे सेस्नाची एक पूर्ण टाकी, म्हणजे साडेपाच ते साडेसहा तास. वर्षाला 100 तास उडणाऱ्या विमानाला 15 ते 18 बॅरल लागतात, आणि ती कुठेतरी ठेवावी लागतात.

ॲव्हगॅस हे पेट्रोलियमच्या अ वर्गात मोडतं. 30 लिटरच्या वर साठवायचं तर पेट्रोलियम व स्फोटकं सुरक्षा संघटनेचा, म्हणजे पेसोचा परवाना लागतो. विमानाच्या टाकीतलं इंधन यात येत नाही, शेजारच्या खोलीतली बॅरलं येतात. हँगरच्या करारात इंधन साठवायला परवानगी नसेल तर ही सगळी रचना कोसळते, म्हणून करारावर सही करण्याआधी हा प्रश्न विचारावा, नंतर नव्हे.

बॅरल उभं ठेवलं की वरच्या खोलगट झाकणावर पावसाचं पाणी साचतं. रात्री गारव्यानं आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून बॅरल आडवं, लाकडी ठोकळ्यांवर, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी येतील असं ठेवायचं. आतून इंधन बुचांना टेकलेलं राहतं आणि हवा-पाणी आत जात नाही. काढताना हातपंपाला पाणी अडवणारा बारीक फिल्टर, नळीचं टोक तळाच्या दोन-तीन इंच वर, आणि बॅरल व विमान तांब्याच्या तारेनं जोडलेलं. भरून झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग खालच्या निचऱ्याच्या तोट्या तपासाव्यात. 172 एसला त्या 13 आहेत आणि तेराही बघायच्या. पावसाळ्यात टाकी भरून ठेवली की आत हवा कमी राहते आणि दवाचं पाणीही कमी सुटतं. मात्र मग उन्हाळ्यातल्या दुपारी चार माणसं घेता येत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

पंपावरचं पेट्रोल का नको, असं हलकी रोटॅक्स इंजिनाची विमानं घेणारे विचारतात. रोटॅक्स 912 मालिकेला पेट्रोल चालतं, पण त्यात इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच. आज पंपावर 20 टक्क्यांचं मिश्रण असतं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात, त्यामुळे हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागू नये. जास्त इथेनॉल रबराच्या नळ्या आणि सील फुगवतं, पाणी शोषून घेतं आणि तापमान घसरल्यावर पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. जे इंजिन त्यासाठी मंजूर नाही त्यात ते घालू नये.

ज्यांनी अजून विमान घेतलेलं नाही त्यांच्यासाठी इथे एक मोठा मुद्दा आहे. डायमंड डीए 40 एनजीसारखं डिझेल तत्त्वावरचं इंजिन जेट ए-1 वर चालतं. प्रवासी विमानं जिथे इंधन घेतात तिथे ते भरता येतं आणि बॅरल, पेसो, साठवणूक हा सगळा खटाटोप वाचतो. तळ आधी ठरला तर इंजिन कोणतं घ्यायचं हेही ठरतं. सेस्नावाल्यांनी उलट काळजी घ्यायची: टँकरच्या माणसानं चुकून जेट इंधन भरू नये म्हणून टाकीच्या तोंडापाशी ठळक स्टिकर आणि भरताना स्वतः हजर राहणं. पावतीवर ग्रेड वाचून मगच सही.

माणूस

परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, आणि मंजूर देखभाल संस्था नसेल तर विमान कागदोपत्री जमिनीवर येतं. पिस्टन विमानांची जाण असलेले अभियंते जिथे प्रशिक्षण संस्था आहेत तिथे सापडतात, या बाजूला ती जागा बारामती. उजळाईवाडीहून ताशी 115 नॉटनं गेलं तर 50 मिनिटं. वर्षाला 100 तास उडणाऱ्या विमानाच्या 50 तासांच्या दोन तपासण्या धरल्या तर जाऊन-येऊन साडेतीन तासांच्या आतबाहेर आणि साधारण 120 लिटर इंधन नुसतं त्यात जातं. अभियंत्याला गाडीनं कोल्हापूरला आणलं तर इंधन वाचतं, पण मोठं काम निघालं की हत्यारं आणि सुटे भाग कमी पडतात. छोट्या बिघाडांसाठी तळावर पेटी ठेवावी: मुख्य चाकाची 6.00-6 आणि नाकाच्या चाकाची 5.00-5 मापाची ट्यूब, जॅक, तेलाचे डबे, स्पार्क प्लग, ब्रेकचं तेल. बॅटरीसाठी 28 व्होल्टचा बाहेरचा पुरवठा शोधून ठेवावा. 172 एसची यंत्रणा 24 व्होल्ट बॅटरीची आहे, मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी लावून भागत नाही.

कागद आणि वेळा

टॉवर असलेल्या विमानतळाचा फायदा मोठा आहे: हवामान, रेडिओवरचं मार्गदर्शन, अग्निशमन. त्या बदल्यात त्याच्या वेळा पाळायच्या. टॉवरचे तास एआयपी या अधिकृत माहितीपुस्तिकेत आणि बदल असले तर नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्ये, असतात. ते प्रवासी विमानांच्या वेळापत्रकाला धरून असतात, आपल्या सोयीला नाही. वेळ वाढवून मागता येते, त्याचा आकार, म्हणजे शुल्क, लागतो आणि अर्ज आधी करावा लागतो. प्रत्येक उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन, मग उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक. निघायला ठरल्यापेक्षा फार उशीर झाला तर एडीसी पुन्हा घ्यावा लागतो. धुकं विरळ होण्याची वाट बघताना हे ध्यानात ठेवावं.

आत जायला प्रवेशपत्र लागतं. ते नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळतं आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. मालक, वैमानिक, अभियंता आणि मदतनीस, प्रत्येकाचं वेगळं. मुदती संपायच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि नूतनीकरण आधीच सुरू करावं. गाडी एप्रनवर न्यायची तर तिचा वेगळा परवाना. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचा वार्षिक आढावा, रेडिओ परवाना, विमा, वैमानिकाचे परवाने या सगळ्याच्या प्रती तयार ठेवाव्यात.

कराडची धावपट्टी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. लहान जागेवर रोजचं काम मोकळं आणि आकार कमी. पण अग्निशमन, पहारा, धावपट्टीवर कुत्रं-गुरं नाही ना हे बघणं, या सोयी आपल्याच माथी येऊ शकतात. प्रत्येकाची किंमत मांडली की स्वस्त वाटणारी जागा तेवढी स्वस्त राहत नाही.

आकार दोन प्रकारचे. लँडिंग वजनावर ठरतं आणि 1157 किलोला ते किरकोळच. खरा भार कायम ठेवण्याचा. विमानतळ प्राधिकरणाच्या दरपत्रकात पार्किंगचे पहिले दोन तास मोफत असतात, त्यानंतर घड्याळ चालू. बारा महिने उभ्या विमानासाठी तासाच्या दरानं नव्हे, मासिक किंवा वार्षिक कराराच्या दरानंच बोलणी करावीत आणि त्यावरचा जीएसटी धरून आकडा मागावा. विम्याच्या प्रस्तावात तळ कुठे आणि हँगरमध्ये की उघड्यावर, हे विचारतात. विमान चार महिने दुसरीकडे राहणार असेल तर तेही त्यात लिहून घ्यावं, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

हे सगळं एकत्र ठेवल्यावर आम्ही एकाच जागेचा हट्ट सोडला. ऑक्टोबर ते मे उजळाईवाडी: घरापासून जवळ, धावपट्टी पुरेशी, पंधरवड्याला तासभर उडणं सहज जमतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोसमी पाऊस येऊन पोचायच्या आत, विमान बारामतीला. तो पर्जन्यछायेचा भाग, पाऊस कोल्हापूरच्या निम्म्याच्या आसपास, आणि तिथे पिस्टन विमानांचं इंधन व अभियंते यांचं चक्र चालू असतं. मोठी वार्षिक तपासणी आणि उड्डाणयोग्यतेचा आढावा याच काळात बसवायचा, म्हणजे दुरुस्तीत गेलेले आठवडे नाहीतरी उडता न येणारे असतात. हँगरची जागा मात्र फेब्रुवारीतच लेखी ठरवावी लागते, मेमध्ये सगळ्यांनाच छप्पर हवं असतं.

ज्यांना हलवायचं नाही आणि कोल्हापुरातच पक्कं छप्पर मिळालं आहे, त्यांनी पावसाळ्यात इंजिन बंद करून ठेवायची पूर्ण पद्धत वापरावी. जुनं तेल काढून संरक्षक तेल घालायचं, ते फिरवायला एक उड्डाण करायचं, सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारायचा, वरच्या स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे बुच बसवायचे, हवेची आणि धुराड्याची तोंडं बंद करायची. काम अभियंत्यानं करून लॉगबुकात नोंदवायचं. पंख्याला पाटी लावायची: फिरवू नका. सिलिका जेल निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की बदलायचं. कोल्हापूरच्या जुलैत दर आठवड्याला बघावं लागतं, आणि हे बघायला जाणाऱ्या माणसाचं प्रवेशपत्र त्या काळात संपत नाही ना, हे मेमध्येच तपासून ठेवावं.